उम्मीद आणि तवक्को

चौकच्या नाक्यावर, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला कर्जतचा रस्ता मिळतो तिथे, फ्लेक्स लावायची एक ठरलेली जागा आहे. वाढदिवस, निवड, निधन, हजहून परतलेल्यांचं स्वागत, सगळं तिथेच लागतं. २०१८ साली दिवाळीच्या सुट्टीआधी तिथे एक फ्लेक्स लागला होता. वर पुढाऱ्यांचे पाच-सहा गोल फोटो, खाली हातात हॉकी स्टिक घेतलेला पंधरा वर्षांचा एक मुलगा आणि मोठ्या अक्षरांत मजकूर : 'चौकची शान, उद्याचा मोहम्मद शाहीद'.

तो मजकूर आम्हीच लिहून दिला होता. पाच शब्दांचा. त्या पाच शब्दांचा हिशेब अजून आमच्याकडून पुरा झालेला नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहोत.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. उर्दू आणि इतिहास हे आमचे विषय. नोकरीला लागलो तेव्हा शिक्षकांत सर्वांत धाकटे होतो, त्यामुळे खेळाचा तास आपोआप आमच्या गळ्यात पडला. बाकी शाळांत मुलं क्रिकेट आणि कबड्डी खेळत. आमच्या मनात मात्र लहानपणापासून हॉकी बसलेली. याचं कारण आमचे अब्बा.

अब्बांनी आयुष्यात स्टिक हातात धरली नाही. पण त्यांच्या तरुणपणी घरात एक रेडिओ होता आणि त्या रेडिओतून मोहम्मद शाहीद घरात आला होता. बनारसचा शाहीद. १९८० साली मॉस्कोला भारतानं स्पेनला ४-३ असं हरवून सुवर्णपदक जिंकलं तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. अब्बा सांगायचे, "चेंडू त्याच्या स्टिकला असा चिकटायचा जसा तव्याला भाकरीचा पहिला तुकडा." ते आठवं सुवर्ण होतं, आणि पोरगा वीस वर्षांचा. लोकांनी धरून चालावं तसं धरलं की आता याच्या जिवावर नववं येणार, दहावं येणार. ते आलं नाही. १९८४ ला लॉस एंजेलिसला आपण पाचवे आलो, १९८८ ला सोलला सहावे. दोन्ही वेळा शाहीद संघात होता.

अब्बांची दुसरी आठवण १९८२ च्या डिसेंबरची. दिल्लीच्या एशियाडची अंतिम लढत, समोर पाकिस्तान, आणि आपण १-७ असे हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा नाक्यावरच्या हॉटेलात चहाला गेले. कुणी तरी हसत विचारलं, "काय मियाँ, आज मिठाई का?" विचारणारा वाईट माणूस नव्हता. अब्बांच्या लग्नात तो वाढायला होता. अब्बा एवढंच म्हणाले, "अरे, आपला कर्णधार जफर इक्बाल होता. हरणाऱ्यांतही आम्ही होतो की." हा किस्सा अब्बा हसत सांगायचे, पण दर वेळी सांगायचे. गोल मारायची अपेक्षा सगळ्याच खेळाडूंकडून असते. काही नावांकडून त्याहून थोडं जास्त काही हवं असतं, हे आम्हाला त्या किश्शातून कळलं.

पुढे २०११ साली आम्ही बी.एड.साठी मुंबईला मामूंकडे राहायला गेलो. सप्टेंबर महिना होता. चीनमधल्या ऑर्डोस गावी आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी पहिल्यांदाच भरली होती. ११ सप्टेंबरला अंतिम सामना, समोर पुन्हा पाकिस्तान. सामना ०-० राहिला आणि टायब्रेकरमध्ये भारत ४-२ असा जिंकला. निर्णायक गोल मारणारा मुलगा मुंबईचा निघाला, मरीन लाइन्सचा. नाव युवराज वाल्मीकी. वय एकवीस. जवळजवळ आमच्याच वयाचा.

त्यानंतरचे आठ दिवस आम्हाला आठवतात. मामूंकडे येणाऱ्या उर्दू पेपरातही त्याचा फोटो होता. वडील ड्रायव्हर, मरीन लाइन्सला एवढीशी खोली, आणि त्या खोलीत वीज नाही. समुद्राकाठची राणीच्या हारासारखी दिव्यांची माळ जगभर प्रसिद्ध, आणि तिच्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एक राष्ट्रीय खेळाडू अंधारात वाढलेला. बातम्या छापून आल्या, कॅमेरे आले, मग वीज आली. राज्य सरकारनं दहा लाखांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच आठवड्यात हॉकीच्या संघटनेनं विजेत्या संघातल्या प्रत्येकाला पंचवीस हजार रुपये देऊ केले होते आणि खेळाडूंनी ते घ्यायला नकार दिला होता. पेपरांत मोठे मथळे : नवा धनराज, लंडन ऑलिंपिकची आशा.

आमचे सरावपाठ तेव्हा चालू होते. सातवीच्या वर्गावर 'मेहनत' या धड्याचा पाठ आम्ही घेतला आणि युवराजचं उदाहरण दिलं. फळ्याशेजारी तक्ता लावला होता : डावीकडे अंधारी खोली, मधे स्टिक, उजवीकडे पेटलेला दिवा. आम्ही मुलांना सांगितलं, मेहनत केली की घरात उजेड येतो. निरीक्षक मॅडमनी वहीत शेरा लिहिला, 'उदाहरण प्रभावी'. तो शेरा आम्ही कितीतरी दिवस जपून ठेवला होता. त्या तक्त्यात काही उलटं आहे, असं तेव्हा आमच्या मनातही आलं नाही.

नोकरी लागल्यावर दोन-तीन पगार साठवून आम्ही धोबी तलावच्या दुकानांतून सहा स्टिक्स आणल्या. आणखी काही जुन्या मागून आणल्या. शाळेमागच्या मुरमाच्या पटांगणात विटा लावून गोल केले. पावसाळा संपला की तिथे खेळ सुरू व्हायचा. मुरमावर चेंडू सरळ येत नाही. खड्याला लागून उसळतो, कधी नडगीवर बसतो. मुलं हळद लावून दुसऱ्या दिवशी परत यायची.

त्यांच्यात तो होता. नाव लिहीत नाही, त्याची परवानगी नाही आणि मागायचं धाडसही नाही. वडील चौक-कर्जत सहाआसनी चालवायचे. वर्गात पाठ म्हणताना अडखळणारा मुलगा चेंडू मिळाला की बदलायचा. उसळता चेंडू तो स्टिक जमिनीलगत आडवी धरून असा मेलेला करायचा की बघत राहावं. मग दोघांतून, तिघांतून काढून न्यायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या तोंडून आपोआप 'माशाअल्लाह' निघालं. संध्याकाळी घरी येऊन अब्बांना सांगितलं, "अब्बा, तुमचा शाहीद सापडला." अब्बा आजारी होते. उशीवरून मान वळवून म्हणाले, "त्याला सांगू नकोस."

आम्ही सांगितलं. रोज सांगितलं.

२०१८ साली शालेय स्पर्धेत सतरा वर्षांखालच्या गटात आमचा संघ जिल्ह्यात पहिला आला. हे ऐकायला फार मोठं वाटतं. खरी गोष्ट अशी की हॉकीत उतरणारे संघच मोजके होते. दोन सामने झाले, दोन्हींत मिळून सहा गोल झाले, त्यातले पाच त्यानं मारले. स्थानिक पेपरात फोटो आला. गावातले कार्यकर्ते शाळेत आले, म्हणाले, "सर, फ्लेक्स लावू या, मजकूर द्या." आम्ही स्टाफरूममध्ये बसून वहीच्या पानावर तो लिहून दिला. लिहिताना हात थरथरला वगैरे काही नाही. फार आनंद झाला होता.

संध्याकाळी त्याचे वडील रिक्षा शाळेसमोर लावून आत आले. म्हणाले, "सर, बोर्ड बघितला. चांगला हाय. पर फोटो जरा लहान करता येल का? पोराला नजर लागंल."

आम्ही हसलो. म्हणालो, "चाचा, आता जमाना बदलला. मुलाला आत्मविश्वास येतो अशानं." बी.एड.ला आम्ही मानसशास्त्र शिकलो होतो. ते बिचारे गप्प झाले. शिकलेल्या माणसापुढे आपल्याकडे लोक लवकर गप्प होतात.

महिन्याभरानं विभागाच्या स्पर्धेला मुंबईला गेलो. मैदान हिरवं, कृत्रिम हिरवळीचं, वरून पाणी मारलेलं. आमच्यापैकी कुणाचाही पाय त्यावर कधी पडला नव्हता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी या हिरवळीवर गेली, त्याच वर्षी भारत सातवा आला, हे आम्ही वाचलं होतं. वाचलेलं होतं, एवढंच. त्या मैदानावर चेंडू उसळत नाही. पाण्यावरून सपाट, सुसाट येतो. आमचा मुलगा सवयीनं उसळी येईल म्हणून क्षणभर थांबायचा आणि तेवढ्यात चेंडू स्टिकखालून निघून गेलेला असायचा. कॅनव्हासचे बूट ओल्या हिरवळीवर घसरायचे. मध्यंतरापर्यंत सहा गोल झाले होते, शेवटी अकरा. आमचा शून्य.

समोरच्या संघातल्या मुलांनी शेवटी हात मिळवले, चांगली मुलं होती. त्यांच्यातल्या एकानं आमच्या मुलाला विचारलं, "तुम्ही कुठल्या टर्फवर प्रॅक्टिस करता?" त्यानं आमच्याकडे पाहिलं. आम्ही बूट गोळा करायला लागलो.

परत येताना कर्जत लोकलमध्ये कुणी बोललं नाही. कर्जतहून चौकला आलो तेव्हा रात्र झाली होती आणि नाक्यावर फ्लेक्सवर दिव्याचा उजेड पडला होता. तो त्याच्याखालून मान खाली घालून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेला येताना नाका टाळून मागच्या वाटेनं यायला लागला. पोरांनी त्याला नवं नाव दिलं होतं : 'उद्याचा'. "ए उद्याचा, आज काय?" फ्लेक्स पुढे दोन महिने तसाच होता, कारण त्यानंतर तिथे लावण्यासारखं गावात काही घडलं नाही.

तो खेळायचा थांबला. आम्ही समजावलं. आम्ही काय काय उदाहरणं दिली असतील त्याची आता लाज वाटते. एकदा तो म्हणाला, "सर, मी हरलो नाय. मला तिथं उभंच राहता आलं नाय." या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मार्च २०२० मध्ये त्यानं दहावीची परीक्षा दिली, ती साथीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झालेली. पास झाला. पण टाळेबंदीत वडिलांची रिक्षा उभी राहिली आणि तो पनवेलकडच्या एका गोदामात माल चढवायला जाऊ लागला.

त्या काळात घरी बसून आम्ही युवराज वाल्मीकीचं पुढे काय झालं ते शोधून वाचलं. म्हणजे आमच्या तक्त्याचं पुढे काय झालं ते. ज्या लंडन ऑलिंपिकची आशा म्हणून त्याचे फोटो छापले, त्या २०१२ च्या संघात तो नव्हता. तो संघ बाराव्या, म्हणजे शेवटच्या जागेवर राहिला. २०१४ ला हेगच्या विश्वचषकात तो खेळला. ऑलिंपिक त्याच्या वाट्याला आलं नाही. आलं ते त्याच्या धाकट्या भावाच्या, देविंदरच्या. २०१६ ला रिओला भारताच्या संघात देविंदर वाल्मीकी होता. त्याच खोलीतला, त्याच अंधारातला. ऑर्डोसच्या वेळी आम्ही पेपर चाळत होतो तेव्हा त्याच्याकडे आमचं लक्षही गेलं नव्हतं.

मग युवराज अपेक्षेला उतरला की नाही? हा प्रश्न आम्ही बराच काळ असाच विचारत होतो. देशासाठी विश्वचषक खेळणं कमी आहे का? खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वस्तीतून आलेला धनराज पिल्ले चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार एशियाड खेळला. १९९८ ला बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली एशियाडचं सुवर्ण आलं. ऑलिंपिकचं पदक एकही नाही. त्याला कुणी कमी पडला म्हणेल का? पण म्हणणारे त्याच्या काळात म्हणत होतेच. शाहीदलाही म्हणाले असतील. तो बनारसला रेल्वेच्या नोकरीत राहिला आणि २०१६ च्या जुलैत गेला, त्या दिवशी अब्बांनी जेवण घेतलं नाही.

वाल्मीकी बंधूंबद्दल वाचताना एक नाव सारखं येत राहिलं, मर्झबान पटेल. मरीन लाइन्सच्या अवर लेडी ऑफ डोलर्सच्या आवारात या गृहस्थांनी मुलांना हॉकी शिकवली. दोन्ही वाल्मीकी, विरेन रस्किन्हा, गोलरक्षक एड्रियन डिसूझा, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. २०१९ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तोपर्यंत मुंबईबाहेर त्यांचं नाव किती जणांना ठाऊक होतं? त्यांनी मुलांच्या हातात स्टिक दिली आणि वर्षानुवर्षं रोज मैदानावर उभे राहिले. आम्ही काय दिलं होतं? सहा स्टिक्स आणि पाच शब्द.

उर्दूत दोन शब्द आहेत. एक 'उम्मीद' आणि दुसरा 'तवक्को'. मराठीत आशा आणि अपेक्षा म्हणता येईल. आम्ही मुलांना समानार्थी म्हणून दोन्ही एकाच ओळीत लिहून देत होतो. आता देत नाही. उम्मीद माणूस स्वतःजवळ ठेवतो, ती पुरी झाली नाही तर दुःख त्याचं त्याला होतं. तवक्को दुसऱ्याच्या नावावर लिहिलेली असते, आणि ती फिटली नाही तर माणूस त्याच्या दारात जाऊन विचारतो. अब्बांना शाहीदकडून उम्मीद होती. हॉटेलात चहा पिताना अब्बांकडून कुणाची तरी तवक्को होती. आम्हाला त्या मुलाबद्दल उम्मीद होती तोवर मुरमावर बरं चाललं होतं. आम्ही ती नाक्यावर टांगली आणि तिची तवक्को झाली. कर्ज आम्ही काढलं, नाव त्याचं घातलं.

आणि तो तक्ता. डावीकडे अंधार, मधे स्टिक, उजवीकडे दिवा. आज पाठ घ्यायचा तर आम्ही दिवा डावीकडे काढू. वीज आधी यायला हवी होती. हिरवळ आधी यायला हवी होती, निदान तिच्यावर चार रविवार पळायला तरी मिळायला हवं होतं. त्यानंतर विचारावं, मुला, जमेल का? आम्ही सगळे मिळून आधी विचारतो आणि जमलं तर देतो.

२०२३ च्या १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आमच्या चौकच्या डोक्यावरची ती ठाकरांची वाडी. पाऊस असा की वर यंत्रं जाईनात, माणसांनीच पायवाटेनं चढायचं होतं. पहाटे खालून जे तरुण वर गेले त्यांत तो होता. आम्हाला हे दोन दिवसांनी कळलं, तेही त्याच्या वडिलांकडून. त्या कामाचा फ्लेक्स लागला नाही. त्यानं लावू दिलाही नसता.

भेटायला म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. पडवीला लागून बकऱ्यांचा गोठा, आणि गोठ्यावर ताणून बांधलेला आमचा फ्लेक्स. छपाईची बाजू आत. आत वाकून पाहिलं तर बकऱ्यांच्या वर पुढाऱ्यांचे गोल चेहरे, आणि कोपऱ्यात 'उद्याचा' एवढंच वाचता येत होतं. आम्ही काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "जाड हाय सर, चांगला. पाच वर्षं झाली, गळत नाय." चहा आला. आम्ही माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण तो ज्या सहजपणे बोलला त्यापुढे माफीचे शब्दही आम्हाला फ्लेक्ससारखेच वाटले. चहा पिऊन आलो.

त्याचा धाकटा भाऊ पुढच्या वर्षी आमच्या वर्गात आला. एके दिवशी कपाटातल्या स्टिक्स मागायला आला. आम्ही दिल्या. कसा खेळतो ते पाहतो, घरी येऊन कुणाला सांगत नाही. अब्बा आता नाहीत, नाही तर त्यांनाही सांगितलं नसतं. मध्यंतरी एक वार्ताहर ओळखीनं शाळेत आला होता. मुलांचा खेळ पाहून म्हणाला, "सर, त्या लहान्यात दम आहे, काही छापू का?" आम्ही म्हणालो, "छापू नका. मुंबईत एखाद्या टर्फवर रविवारी तास-दोन तास मिळतात का, तेवढं विचारून बघा." त्यानं विचारलं, मिळाले. भाड्याचे पैसे हेडमास्तर साहेबांनी आणि आम्ही अर्धे अर्धे घातले.

पहिल्या रविवारी पहाटेच्या कर्जत लोकलनं चौदा मुलं घेऊन निघालो. मोठा भाऊ गोदामाची सुट्टी टाकून बरोबर आला होता, बोलावलं नव्हतं तरी. हिरवळीवर पाणी मारलेलं होतं. मुलं बिचकत कडेला उभी राहिली. तो चप्पल काढून आत गेला, वाकून पाण्यावर हात फिरवला आणि त्यांना ओरडून सांगायला लागला, "थांबू नका रे. हा चेंडू उसळत नाय. समोर जा."